मदत हवी आहे: डेथ-ब्लॅक मेटलच्या आडवाटेचे बँड

मंडळी, सोलापुरात डेथ मेटल, ब्लॅक मेटल अशा जड, कर्कश रॉक संगीतावर बोलायला माणूस सापडत नाही, म्हणून तुम्हालाच विचारतोय. डेथ, मॉर्बिड एंजल, मेहेम हे नावाजलेले बँड ऐकून झाले. आता आडवाटेला लागलोय.

फिनलंडच्या डेमिलिच बँडचा 'नेस्पिथे' (१९९३) हा अल्बम अजून पचलेला नाही. रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणारे तुकडे) वेडेवाकडे, भन्नाट. पण तो ढेकरासारखा गळा! आणि त्या आवाजावर कसलाही इफेक्ट वापरलेला नाही म्हणे. तुम्हाला तो हळूहळू आवडला की पहिल्याच फटक्यात?

दुसरा ग्रीसचा नेक्रोमँटिया. ऱ्हिदम गिटारच्या जागी आठ तारांचा बेस, त्यामुळे सगळा आवाजच जाडजूड आणि कोंदट. मला तो तिथल्याच रॉटिंग क्राइस्ट बँडपेक्षा जास्त भावला, खुशाल शिव्या घाला. त्यांच्या 'क्रॉसिंग द फायरी पाथ' अल्बमनंतरचं काय ऐकण्यासारखं आहे?

ऑस्ट्रेलियाच्या डिसएम्बॉवेलमेंटने पूर्ण लांबीचा एकच अल्बम काढला. तो रात्रीच ऐकावा असं माझं मत.

आपल्याकडचं म्हणाल तर मुंबईचा गटस्लिट माहीत आहे. कोलकात्याचा टेट्राग्रामासाइड हल्लीच कानी पडला, नुसता कल्लोळ. (आमच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. आई विचारते, सुट्टीच्या दिवशी माग कुणी चालू ठेवलाय?) पण त्या कल्लोळात चाल कुठे शोधायची, हे जाणकारांनी सांगावं.

श्रीलंकेचा जेनोसाइड श्राइन्स कुणी ऐकलाय का? नुसती नावं नकोत, कुठल्या गाण्यापासून सुरुवात करायची तेही लिहा.