मॅटोल नदी समुद्राकडे पाठ का फिरवते?

नकाशात उत्तर कॅलिफोर्नियातली मॅटोल बघतोय, उगमापासून पॅसिफिक अगदी जवळ आणि ही बाई उत्तरेला शंभरेक किमी फिरून पेट्रोलियापाशी समुद्राला मिळते, असं का?

> मधे किंग रेंज आडवी आहे ना! किंग पीक १२४६ मीटर, तेही समुद्रापासून जेमतेम पाचेक किमीवर, मग नदी डोंगरामागूनच जाणार. तिथली जमीन अजून उचलली जातेय, १९९२ च्या भूकंपात किनारा मीटरभर वर आला, खडकांवरचे शिंपले उघडे पडून मेले.

> उन्हाळ्यात जाऊन बघाच. पाणी आटतं, लाटा वाळूचा बांध घालतात, मुखाशी चक्क तळं होतं. सॅमनची पिल्लं त्यात अडकतात, पाणी तापलं की त्यांचे फार हाल. पावसाळी हिवाळ्यात बांध फुटतो.