जुन्या खटक्यामागे तीन वायरी निघाल्या; नवा स्विच कसा जोडावा?

वाशीकर (प्रश्न)
नमस्कार. वाशीतील सिडकोच्या एका जुन्या इमारतीत आम्ही गेल्या वर्षी राहायला आलो. हॉल आणि बेडरूम यांच्यामधल्या पॅसेजमधील दिव्याचा काळा, बेकलाइटचा खटका दाबताना चरचर आवाज करू लागला, म्हणून मी 6 अँपिअरचा साधा स्विच आणला. बोर्ड उघडल्यावर मात्र खटक्याला दोन लाल आणि एक काळी अशा तीन वायरी दिसल्या, आणि नव्या स्विचला स्क्रू दोनच आहेत. काळी वायर म्हणजे न्यूट्रल (वीज परत नेणारी), असे आजवर ऐकत आलो. पण दिवा लागलेला असताना काळ्या वायरीला टेस्टर लावला तर टेस्टरही पेटत होता आणि दिवा बंद केल्यावर विझत होता. या दिव्याचा आणखी एक खटका बेडरूमच्या दाराशी आहे. कोणती वायर कोणत्या स्क्रूला होती याचा फोटो न काढताच मी तिन्ही सोडवल्या, ही माझी चूक. सध्या टोकांना टेप गुंडाळून ठेवली आहे. पुढे काय करावे?

कळव्याचा वायरमन
आपण जे जाता जाता लिहिले आहे, त्यातच उत्तर आहे. एकाच दिव्याला दोन ठिकाणी खटके असतील तर ती जिन्याची जोडणी असते आणि तिला दोन्हीकडे तीन स्क्रूचा टू-वे स्विच लागतो. आपण आणलेला साधा स्विच दुकानात परत करावा. एका खटक्याच्या कॉमन स्क्रूला (जो खटका दाबल्यावर उरलेल्या दोन स्क्रूंपैकी एकाला जोडला जातो) फेज, म्हणजे वीज आणणारी वायर, येतो, दुसऱ्याच्या कॉमनवरून वायर दिव्याकडे जाते आणि उरलेल्या दोन वायरी या खटक्यापासून त्या खटक्यापर्यंत धावतात. न्यूट्रल थेट दिव्याच्या होल्डरला जातो; नीट केलेल्या कामात तो खटक्यात येतच नाही. आपली काळी वायर बहुधा दिव्याकडे जाणारी आहे, म्हणूनच दिव्याबरोबर तिच्यात फेज येत होता. वायरमनच्या हाती त्या दिवशी ज्या रंगाचे वेटोळे उरलेले असेल, तीच वायर भिंतीत जात असे. त्यामुळे जुन्या घरात रंगावर विसंबू नये.

आता कॉमन वायर शोधण्याविषयी. तिन्ही टोके एकमेकांपासून दूर करून मग वीज सुरू करावी आणि मल्टिमीटरने, खात्रीच्या न्यूट्रलच्या तुलनेत, प्रत्येक टोक मोजावे. नंतर बेडरूमचा खटका दुसऱ्या बाजूला दाबून पुन्हा मोजावे. फेज एका वायरीतून दुसरीत उडी मारत असेल, तर त्या दोन मधल्या वायरी आणि तिसरी कॉमन. खटका कसाही असला तरी एकाच वायरीत फेज कायम राहत असेल, तर तीच कॉमन. या दोन्हींपैकी काहीच जुळले नाही, तर जुन्या काळी कोणीतरी न्यूट्रल खटक्यात आणून ठेवला असण्याची शक्यता आहे. अशा वेळी हात न लावता परवानाधारक वायरमनला बोलवावे. उघड्या टोकांवर चालू विजेत मोजण्याचा सराव नसेल, तर हे पहिले कामही त्यालाच सांगावे.

घोडबंदर रोड
वरील उत्तराला दोन गोष्टी जोडतो. आमच्या घरी दिव्यांची एमसीबी (फ्यूजच्या जागी असणारा, आपोआप पडणारा स्विच) पाडूनही त्याच बोर्डातील सॉकेट चालू राहिले होते, कारण ते दुसऱ्या एमसीबीवर होते. त्यामुळे वायरी जोडताना एखादी एमसीबी नव्हे, तर मेन स्विचच बंद करावा, आणि घरात इन्व्हर्टर असेल तर तोही. मीटरवर 230 व्होल्टच्या आसपास न येता 40-50 असा अधला-मधला आकडा आला, तर तो बहुधा शेजारून धावणाऱ्या वायरीचा प्रभाव असतो. टेस्टर मात्र अशा वेळीही मिणमिणतो आणि फसवतो. दुसरे म्हणजे, टोके खरवडल्यावर धातू पांढरा दिसला तर तो अॅल्युमिनियम असू शकतो. तांब्याशी त्याचा सांधा नुसता पिळून करू नये, कारण असा सांधा हळूहळू ढिला पडतो आणि तापतो.

वाशीकर
आपले दोघांचेही आभार. टोकांवर मोजण्याचे धाडस झाले नाही, म्हणून सेक्टरमधील वायरमनला बोलावले. बेडरूमचा खटका बदलताच फेज एका लाल वायरीतून दुसरीत जात होता. काळीत काहीच नव्हते. म्हणजे काळी कॉमन. वायर तांब्याचीच निघाली. नव्या टू-वे स्विचचा कॉमन स्क्रू कोणता, हे त्याने जोडण्याआधी मीटरनेच तपासले, आणि आता दोन्हीकडून दिवा चालतो. एकच शंका उरली आहे: रात्री बंद केल्यावरही एलईडी बल्ब अगदी मंद लुकलुकतो. स्विच सदोष आहे का?

कळव्याचा वायरमन
बहुधा नाही. दोन मधल्या वायरी भिंतीत लांबवर चिकटून धावतात आणि त्यांपैकी एकीत नेहमीच फेज असतो; तेवढ्याने दुसरीत अगदी थोडी वीज उतरते. पूर्वीचा तारेचा बल्ब तेवढ्याने पेटत नसे, एलईडी मात्र तेवढ्यावरही लुकलुकतो. दुसऱ्या बनावटीचा बल्ब लावून पाहावा. तरीही तसेच राहिले, तर त्याच वायरमनकडून जोडणी तपासून घ्यावी.