आठवड्याच्या जेवणाचं वेब ॲप: उपवासाच्या दिवशी सॉल्व्हर अडतोय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

ऐरोलीतल्या आमच्या घरासाठी आठवड्याचं संतुलित जेवण ठरवणारं वेब ॲप बनवतोय. सर्व्हरच्या बाजूला जँगो, स्क्रीनसाठी रिॲक्ट, आखणीला पायथनमधली पल्प ही लायब्ररी; तिच्यात अटी लिहिल्या की त्यांत बसणारा सर्वांत चांगला पर्याय सॉल्व्हर शोधतो. घरात आईबाबा, आम्ही दोघं आणि शाळेत जाणारी मुलगी.

कोणत्या वारी, कोणत्या वेळी कोणता पदार्थ, हे इंटिजर प्रोग्रामिंगने (पूर्ण संख्यांत उत्तर शोधणाऱ्या गणिताने) ठरतं: केला तर १, नाही तर ०. पोषणमूल्यं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या तक्त्यांतून घेतली आहेत. त्यांत ५२८ जिन्नस आहेत, पण शिजवलेली आमटी किंवा थालीपीठ नाही, म्हणून प्रत्येक पाककृती फोडून कच्च्या वजनावर हिशेब करतो. मोठ्यांसाठी प्रथिनांची अट वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम. मुलीचे आकडे वेगळे आहेत.

घोडं पेंड खातंय ते उपवासाला. सोमवार आणि संकष्टीला आईचं साबुदाणा, वरई, रताळं. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे सॉल्व्हर 'इनफीजिबल' (सगळ्या अटी पाळणारं उत्तरच नाही) म्हणून हात वर करतो. रोजची अट काढून आठवड्याची घातली, तर मंगळवारी उसळ, वरण, पिठलं एकाच ताटात आणि गुरुवारी नुसता भात आणि भोपळा! आईने यादी वाचून विचारलं, "हे कोण खाणार?"

(मासे बुध-शुक्र-रवि, जून-जुलैत मासेमारी बंद म्हणून सुकट. ते जमलंय.)

अटी सैल करायच्या तर कशा?

प्रतिसाद १

उपवास आईंचा आहे, घराचा नाही. अट ताटावर नको, माणसावर लावा. मग प्रत्येकाला रोजचं 'तूट' नावाचं व्हेरिएबल (सॉल्व्हरने ठरवायचा आकडा) द्या, शून्याखाली न जाणारं: मिळालेली प्रथिनं अधिक तूट, ही बेरीज गरजेइतकी तरी हवी. तुटीला ऑब्जेक्टिव्हमध्ये, म्हणजे सॉल्व्हर जे कमीत कमी करू पाहतो त्या सूत्रात, दंड लावा. नुसत्या बेरजेवर दंड लावलात तर सगळी तूट एकाच दिवसावर लोटली जाऊ शकते, म्हणून रोजच्या तुटीला कमाल मर्यादाही हवी.

पिठलं-उसळीचं सोपं आहे. डाळी-कडधान्याच्या पदार्थांना गट द्या आणि एका जेवणात गटातला एकच, अशी पक्की अट ठेवा.

आणि उपवासाच्या यादीत दाण्याची आमटी, दही, राजगिरा आहे का? शेंगदाण्यात १०० ग्रॅमला साधारण २४ ग्रॅम प्रथिनं असतात. निम्मा प्रश्न तिथेच सुटेल.

धागाकर्ता

दाण्याची आमटी राहिलीच होती, टाकतो. पण माणसागणिक अटी म्हणजे व्हेरिएबल्स पाचपट ना? सर्व्हर अगदी साधा आहे.

प्रतिसाद २

पदार्थाची ०-१ निवड घरासाठी एकदाच. माणसागणिक फक्त वाढप बदलतं, ते अपूर्णांकात चालेल. पदार्थ केलाच नाही तर वाढप शून्य, एवढी जोडणी करा. वेळ खातात ती पूर्णांकी व्हेरिएबल्स, आणि ती फार वाढणार नाहीत. आईंचं फराळाचं मात्र वेगळं भांडं धरा.