बाहेरचं सस्पेन्शन बसवलं म्हणजे पुण्यात कंबर मोडलीच, हे मला पटत नाही

घाटवाट

ओळखीतल्या एकाने बाहेरचा उंची आणि कडकपणा बदलता येणारा सस्पेन्शनचा (स्प्रिंग आणि शॉकअपचा) संच बसवला. दोन महिन्यांत वैतागून तो निम्म्या किमतीत विकायला काढला. म्हणे कर्वे रोडवर प्रत्येक झाकणाचा दणका मणक्यात जातो. मी विचारलं, कडकपणा बदलणाऱ्या नॉबच्या खुणा (क्लिक) कितीवर आहेत? त्याला माहीतच नव्हतं. पेटीतून निघालं तसं बसवलं, गाडी चाकांवर झुकलेली दिसेपर्यंत खाली घेतली आणि संपलं.

माझं म्हणणं स्पष्ट आहे. हे संच बदलता येतात म्हणूनच घ्यायचे असतात, आणि पुण्यात ते नीट लावून घेणारे फार थोडे. काढून टाकण्याआधी एवढं करून बघा.

आधी टायरमधली हवा थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या पट्टीप्रमाणे भरा. मग शॉकअपच्या दांड्यावर एक प्लॅस्टिकची केबल टाय हलकी आवळा आणि खाली शॉकअपच्या अंगाला टेकवून ठेवा. नेहमीच्या रस्त्यावर, नेहमीच्या माणसांसह फिरून या. टाय वर सरकत सरकत कुठे थांबली ते बघा. वरच्या रबरी बंप स्टॉपपर्यंत (शॉकअप पूर्ण दबला की ज्यावर आदळतो त्या ठोकळ्यापर्यंत) पोचली असेल, तर तुम्हाला बसतो तो दणका शॉकअपच्या कडकपणाचा नाही. शॉकअपला हलायला जागाच उरलेली नाही. अशा वेळी नॉब कितीही फिरवा, उपयोग शून्य. गाडी वर घ्या.

जागा असेल तरच नॉबकडे वळा. घड्याळाच्या दिशेने हलक्या हाताने पूर्ण बंद करा आणि तिथून मोजत उघडा. डावी-उजवी बाजू सारखी ठेवा, पुढचं आणि मागचं एकाच दिवशी बदलू नका. तोच रस्ता, तोच वेग. आणि हे लिहून ठेवा, कारण पाठीला कालचं आठवत नाही.

कोथरूडची_मी

वाचलं. एक गोष्ट कोणीच बोलत नाही म्हणून लिहिते. सस्पेन्शन लावून घेणारा माणूस कायम पुढे स्टिअरिंगमागे बसलेला असतो. मी मागे बसते, शेजारी सासूबाई, त्यांना मानेचा स्पॉन्डिलायटिस आहे. पुढे ज्याला "मस्त घट्ट बसते गाडी" म्हणतात, त्याला मागच्या चाकावर बसणारा माणूस काय म्हणतो ते विचारा.

कंपनीची माणसं एकाच गाडीत एकटा ड्रायव्हर आणि पाच माणसं अधिक सामान, दोन्ही डोळ्यांपुढे ठेवून स्प्रिंग ठरवतात. आपल्याच गावात वेताळ टेकडीवर एआरएआय ही गाड्या तपासणारी संस्था आहे, १९६६ सालची. एवढ्या चाचण्यांतून आलेली वस्तू काढून पेटीतली वस्तू बसवायची आणि मग वहीत खुणा मांडत बसायचं, हे कशासाठी? आराम हवा तर मूळ सस्पेन्शन ठेवा. झिजलं असेल तर मूळचंच नवीन घाला. बस.

कंप_मापक

घाटवाट, तुमची केबल टायची युक्ती योग्य आहे, पण मूळ प्रश्न तुम्ही टाळलात. नॉब शॉकअपचा विरोध बदलतो, स्प्रिंग बदलत नाही.

आकडे मांडतो. एका चाकावर, चाक सोडून, ३०० किलो भार धरा. तिथे २० न्यूटन प्रति मिलिमीटर ताकदीची स्प्रिंग असेल तर गाडी सेकंदाला साधारण १.३ वेळा खालीवर होते. आरामदायी गाड्या १ ते १.५ च्या पट्ट्यात ठेवतात. आता बाजारातल्या संचात "५ किलोची" स्प्रिंग येते, म्हणजे ५ किलो प्रति मिलिमीटर, ४९ न्यूटन. तोच हिशेब केला तर २ च्या वर जातो. ही शर्यतीकडे झुकलेली गाडी झाली. नॉब पूर्ण उघडा ठेवला तरी ती २ च्याच आसपास उड्या मारणार, फक्त त्या थांबायला जास्त वेळ घेतील.

बसलेल्या माणसाच्या शरीराला उभे हादरे सर्वात जास्त बोचतात ते ४ ते ८ हर्ट्झमध्ये, म्हणजे सेकंदाला ४ ते ८ हादऱ्यांना. काँक्रीटच्या रस्त्यावर साडेचार मीटरवर सांधे धरले, तर ८० च्या वेगाने सेकंदाला जवळजवळ ५ ठोके होतात. बरोबर त्याच पट्ट्यात. कडक स्प्रिंग ते ठोके थेट सीटपर्यंत आणते. ज्यांना एक्स्प्रेसवेवर मुंबईपर्यंत जाऊन डोकं धरून उतरायला होतं, त्यांनी हे तपासावं.

म्हणून माझं मत कोथरूडच्या ताईंच्या बाजूने, कारण वेगळं. चुकीची स्प्रिंग नॉबने बरोबर होत नाही.

घाटवाट

कंप_मापक, हिशेब मान्य. म्हणूनच मी "संच फेकू नका" म्हणतो, "आहे तीच स्प्रिंग ठेवा" असं म्हटलेलं नाही. यातल्या बऱ्याच संचांत सरळ स्प्रिंग असते, ठराविक आतल्या व्यासाची आणि लांबीची. ती ५ ची काढून ३ ची घालता येते. मूळ सस्पेन्शनमध्ये ही सोय नाही.

आणि एक गैरसमज इथे ऐकू येण्याआधीच सांगतो. खालची रिंग घट्ट करून स्प्रिंग जास्त दाबली की ती "कडक" होते असं नाना पेठेपासून भोसरीपर्यंत सांगितलं जातं. सरळ स्प्रिंगची ताकद दाबल्याने बदलत नाही. बदलते ती गाडी बसण्याची उंची, आणि त्यामुळे वर किती, खाली किती हलायला जागा उरते ते.

"पूर्ण नरम म्हणजे आराम" हेही तसंच. नॉब अगदी उघडा ठेवला की गतिरोधकावरून उतरल्यावर गाडी दोन-तीनदा डोलते, आणि दुसऱ्या डोलण्यात पुढचा खड्डा आला की थेट बंप स्टॉप. उलट परतीचा विरोध (दबलेला शॉकअप पुन्हा उघडताना होणारा) फार ठेवला, तर रम्बलर पट्ट्यांवर चाक खाली यायच्या आत पुढची पट्टी येते. गाडी प्रत्येक पट्टीला थोडी थोडी खाली बसत जाते आणि शेवटच्या पट्ट्या सगळ्यात जास्त आपटतात. खेड शिवापूरकडे जाताना ज्यांची गाडी शेवटी शेवटी जास्त हादरते, त्यांनी नॉब दोन खुणा उघडून बघावा. लोक नेमकं उलट करतात, हादरते म्हणून अजून बंद करतात.

पाना_नंबर_१३

हडपसरला गॅरेज आहे माझं, कामातून वेळ मिळाला म्हणून लिहितो.

गाडी लिफ्टवर असते, चाकं लोंबकळत असतात. पोरगं नवीन शॉकअप बसवतं आणि लोअर आर्मचे (चाक गाडीला जोडणाऱ्या खालच्या दांड्याचे) बोल्ट तिथेच, हवेत, पूर्ण आवळून टाकतं. मग गाडी जमिनीवर येते, आर्म वर जातो, पण बुशचं, म्हणजे आर्मच्या सांध्यातलं, रबर हवेतल्या जागेवर पकडलेलं. ते कायम पिळलेलं राहतं. त्या रबराचा पीळ स्प्रिंगच्या जोडीला लागतो, गाडी ताठ वाटते, करकरते, आणि बुश लवकर फाटतो. गिऱ्हाईक म्हणतं संच बेकार आहे.

बोल्ट आधी नुसते हाताने घालायचे. गाडी तिच्या वजनावर जमिनीवर उभी करायची, पुढेमागे ढकलायची, आणि मग कंपनीने सांगितलेल्या टॉर्कला (आवळण्याच्या जोराला) आवळायचे. उंची बदलली की पुन्हा ढिले करून पुन्हा आवळायचे. हे एवढं करणारे कमी. माझ्याकडे आरामाची तक्रार घेऊन येणाऱ्या गाड्यांमध्ये नॉबला हात लावायच्या आधी मी हे बघतो.

दुसरं, वरचा माउंट, म्हणजे शॉकअप वर बॉडीला जोडणारा भाग. संचात रबराऐवजी धातूच्या गोळ्याचा माउंट आला असेल तर बारीक खडीसुद्धा कानात वाजणार. तो काढून मूळ रबरी माउंट बसतो का बघा. पुष्कळ गाड्यांना बसतो.

आणि पावसाळ्याआधी रिंगच्या आट्यांवरचा चिखल ब्रशने काढून ठेवा. एकदा गंजल्या की हुक पाना लावून पण हलत नाहीत, आणि मग उंची बदलता येणारा संच उंची न बदलता येणारा होतो.

नियमाने_चला

तांत्रिक बोलणं झालं, आता कायद्याचं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे नोंदणीतला तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या १८२अ मध्ये परवानगी नसलेल्या बदलाबद्दल मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही आहे. अपघात झाल्यावर विमा कंपनीचा माणूस गाडीखाली वाकून बघतोच. आरामासाठी हा धोका घेण्याचं कारण मला दिसत नाही. निदान विमा कंपनीला आधी लेखी कळवून उत्तर हातात ठेवा.

पिंपळे_सौदागरकर

दोष गाडीत शोधताय, रस्त्यात शोधा. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८ च्या आयआरसी ९९ मध्ये गोल गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच सांगितला होता, २५ च्या वेगाने ओलांडता येईल असा. आमच्या सोसायटीच्या दारात हातभर रुंदीचा आणि त्याच दहा सेंटिमीटर उंचीचा उंचवटा आहे. तो कुठल्याही सस्पेन्शनला झेपणार नाही.

घाटवाट

पटलं, आणि तक्रारही करायलाच हवी. पण उद्या सकाळी कामावर त्याच उंचवट्यावरून जायचं आहे, तोवर टाय सरकवून बघायला हरकत नाही.

नियमाने_चला, तुमचा मुद्दा गंभीर आहे आणि मी त्यावर वाद घालत नाही. ज्याने संच आधीच बसवलाय त्याने तो निदान सुरक्षित लावावा, एवढंच माझं.

कंप_मापक

टायर राहिले. सस्पेन्शनसोबत लोक रिमही मोठे करतात. १८५/६५ आर १५ च्या जागी २०५/४५ आर १७ घातला की बाहेरचा व्यास जवळपास तोच, पण टायरची भिंत १२० मिलिमीटरवरून ९२ वर येते. २८ मिलिमीटर रबर आणि हवा गेली. पेव्हर ब्लॉकचा कोपरा शॉकअपपर्यंत पोचायच्या आधी टायर तो गिळतो. तेच कमी केलं तर दोष शॉकअपला देऊ नका. दोन्ही एकदम बदललं असेल तर आधी जुने रिम परत घाला आणि फरक बघा. हा सगळ्यात स्वस्त प्रयोग आहे, घरातले जुने रिम विकले नसतील तर.

कोथरूडची_मी

घाटवाट, तुमचं सगळं वाचून मत बदललेलं नाही. नवी गाडी घेणाऱ्याला मी आजही मूळ सस्पेन्शनच ठेवायला सांगेन. पण आमच्याकडे गाडी जुनी घेतलेली, संच आधीच्या मालकाने बसवलेला आणि मूळचे सुटे भाग त्याने दिलेच नाहीत. म्हणून व्यवहाराचं विचारते. चौघं बसलो की मागची टाय बंप स्टॉपला टेकते, हे काल बघितलं. मागे दहा मिलिमीटर वर घेतली तर पुढे काही करावं लागेल का? आणि खुणा कोणी ठरवायच्या, ड्रायव्हरने की मागे बसणाऱ्याने?

पाना_नंबर_१३

ताई, दहाने भागेल असं वाटत नाही, पंधरा घ्या. चौघं बसवून चाकाच्या मध्यापासून फेंडरच्या काठापर्यंत चारही बाजूंना टेपने मोजा, आकडा लिहून ठेवा. डावं-उजवं पाच मिलिमीटरपेक्षा जास्त वेगळं नको. नंतर अलाइनमेंट करायचीच, विशेषतः टो (चाकं समोरून आत-बाहेर किती वळलेली ते). उंची बदलली की तो हलतो आणि टायर आतून खाल्ला जातो, वरून दिसत नाही. मागे सरळ बीम (दोन्ही चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) असेल तर मागचा टो बदलता येत नाही, पण चारही चाकांची मोजणी करून घ्या. पुढे लिंक रॉड (सस्पेन्शनला अँटीरोल बारशी जोडणारी छोटी दांडी) हलवून बघा, खटखट वाजला तर आधी तो बदला. तो वाजत असेल तोवर कुठलीच खूण खरी कळणार नाही.

घाटवाट

आणि खुणा मागे बसणाऱ्याने ठरवायच्या. मी पुढून फक्त एवढंच बघेन, कात्रजच्या घाटात वळणावर गाडी झुकून पुन्हा सरळ व्हायला उशीर लावत नाही ना. तेवढं सांभाळून मागच्या नॉबचा निर्णय सासूबाईंचा.

कोथरूडची_मी

मग रविवारी भूगाव-पिरंगुटच्या रस्त्याने त्यांना घेऊन जाते. वही मागच्या सीटवर राहील.