जळालेले फोटो: कॅमेऱ्याने टिपलं तेवढंच परत आणावं, की उरलेलं भरून काढावं?

पठारवेडा (धागाकर्ता)
सप्टेंबरात आईला कास पठारावर घेऊन गेलो होतो. सकाळी ढगाळ होतं, म्हणून मॅन्युअलवर (सगळे आकडे हाताने ठरवायचे) आयएसओ म्हणजे संवेदनशीलता २००, भिंगाचं छिद्र एफ/८, शटर १/२०० सेकंद लावून ठेवलं. तासाभराने लख्ख ऊन पडलं आणि मी फुलांच्या नादात आकडे बदलायला विसरलो. त्या उन्हाला त्याच शटरवर एफ/१६, म्हणजे आणखी बारीक छिद्र हवं होतं. दोन स्टॉपचा फरक (एका स्टॉपला प्रकाश दुप्पट), म्हणजे चौपट प्रकाश आत गेला. उन्हात मागचा स्क्रीन धड दिसत नव्हता. घरी येऊन बघतो तर चाळीसेक फोटो पांढरेफटक, म्हणजे जळालेले.

रॉ फाइली (सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती) बऱ्याच सुटल्या. डार्कटेबल या फोटो सुधारायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर (उजेड) दीड स्टॉप खाली आणलं, हायलाइट म्हणजे सर्वांत उजळ भाग दाबले, आणि सीतेची आसवं या फुलांचा जांभळा रंग परत आला. गेंद या फुलाची पांढरी बोंडं मात्र काही ठिकाणी सपाटच राहिली. तिथे लाल, हिरवा, निळा या तिन्ही रंगांचे चॅनेल काठोकाठ भरून गेलेत. एखादा शिल्लक असता तर त्यावरून बाकीच्यांचा अंदाज बांधता आला असता.

खरा प्रश्न आईच्या फोटोचा आहे. कार्ड भरत आलं म्हणून तेव्हा जेपेगवर (कॅमेऱ्याने आवळून दिलेली छोटी फाइल) गेलो होतो. उजवीकडचं कपाळ पूर्ण जळलंय. गडद करायला गेलं की करडा डाग आणि कडेला पिवळट कातडी. शेवटी एआयच्या टूलने कपाळ भरून घेतलं. त्वचा सुरेख आली, कुंकूही ठसठशीत. पण आईच्या उजव्या भुवईवर लहानपणच्या खोकेचा वण आहे, तो गेला. ते कपाळ माझ्या आईचं नाही. माझं मत असं की जे कॅमेऱ्याने टिपलंच नाही ते बनवू नये.

घाटमाथा
अजिबात पटलं नाही. घरचा फोटो म्हणजे पंचनामा नव्हे. पूर्वी स्टुडिओवाले निगेटिव्हवर पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवायचे, कृष्णधवल फोटोत हाताने रंग भरायचे. आमच्या आजीच्या फोटोत गालांवर तसा गुलाबी रंग आहे. तो फोटो खोटा आहे असं घरात कधी कुणाला वाटलं नाही. वणच हवा असेल तर त्याच दिवशीच्या दुसऱ्या फोटोतून आणून बसवा.

पठारवेडा
दुसऱ्या फोटोतून आणायला माझी ना नाही, ते तिचंच कपाळ असेल. यंत्राने बसवलेलं कपाळ कुणाचंच नसतं, मला तेच खुपतं.

रीळवाला
निगेटिव्ह फिल्मवर हात बसलेल्यांची ही चूक हमखास होते. निगेटिव्ह दोन स्टॉप ओव्हर (जास्त प्रकाश) सहज सोसते, उलट अंडर (कमी प्रकाश) झाली की रडवते. स्लाइड फिल्म (जिच्यावर थेट सुलटं चित्र उमटतं) तशी नाही, आणि डिजिटल या बाबतीत स्लाइडच्या जातीचं. सावल्या वर काढता येतात, जळालेलं नाही. म्हणून उन्हात पांढऱ्या वस्तूसाठी मोजायचं. आणखी एक: कॅमेऱ्यातला हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, जेपेगवरून काढलेला असतो, त्यामुळे तो काठाला टेकला तरी रॉमध्ये थोडी जागा असू शकते. फाइल उघडून बघितल्याशिवाय फोटो पुसू नका.

सह्यवाट
तुम्ही सगळे उपचारावर बोलताय. आईसोबत फिरायला गेल्यावर मॅन्युअलचा अट्टहास कशाला? ॲपर्चर प्रायॉरिटी लावा (छिद्र आपण ठरवायचं, शटर कॅमेरा ठरवतो), कॉम्पेन्सेशन उणे २/३ ठेवा, म्हणजे कॅमेरा मोजमापापेक्षा थोडा कमी प्रकाश घेईल, आणि जळालेला भाग लुकलुकणारी सूचना चालू करा. ढग गेले तर एफ/८ वर शटर आपोआप १/१२५० च्या आसपास जाईल. हे चाळीस फोटो जळलेच नसते.

रीळवाला
चाळीस नाही, पण काही जळलेच असते. ओला कातळ आणि हिरवळ चौकटीत भरली की मीटर (कॅमेऱ्यातलं प्रकाशाचं मोजमाप) फसतो, प्रकाश वाढवतो, आणि गेंद पुन्हा पांढरा. मोड कुठलाही लावा, पांढऱ्यावर डोळा ठेवायला लागतोच.

घाटमाथा
पठारवेडा, आईला विचारलंत का? फोटो तिचा आहे. दोन्ही समोर ठेवा, तिला ठरवू द्या.

पठारवेडा
काल रात्री आधी वण आणायचा प्रयत्न केला. अर्ध्या तासापूर्वीच्या फोटोत तो स्पष्ट आहे, पण तिथे ढगाचा मऊ उजेड आणि इथे टळटळीत ऊन. बसवलेला तुकडा ठिगळासारखा दिसायला लागला, सोडून दिला. मग मूळ फोटो कृष्णधवल केला. त्यात पिवळटपणा गेला, कपाळ पांढरं राहिलं. आज सकाळी आईला तो आणि यंत्राचा, दोन्ही दाखवले. तिने यंत्राचा उचलला. म्हणाली, "यात कुंकू नीट दिसतंय." वणाचं सांगितलं तर म्हणाली, "तो मला आरशात रोज दिसतो."

तिला तोच छापून देतोय. माझं मत बदललेलं नाही. मूळ जेपेग जशीच्या तशी ठेवलीय, आणि दुसऱ्या फाइलच्या नावात "भरलेला" लिहिलंय.