वयात येणाऱ्या मुलांशी कसं बोललात? अनुभव लिहा

आगळवाली:
काल कोकमाचे रातांबे फोडत होतो. १२ वर्षांची भाची आपले लाल हात बघत हळूच म्हणाली, "मावशी, पाळीत एवढं रक्त जातं?" मला माझे गणपती आठवले. गौरी आल्या त्या दिवशीच पाळी आली, आधी कुणी काही सांगितलेलं नाही. मागच्या पडवीत चटई टाकून बसवलं. आत आरत्या चालू, आणि मी मरणार म्हणून रडतेय. भाचीला बिया काढता काढता सगळं सांगितलं. चार-पाच दिवसांचं मिळून पाव वाटीच्या आसपास, आणि सुरुवातीची एक-दोन वर्षं तारीख मागेपुढे होते. तिचा चेहरा सैल पडला. तुम्ही कसं सांगितलंत?

खाडीकाठ:
आमचा मुलगा पहाटे विहिरीवर चादर धूत होता. 'स्वप्नदोष' हा शब्दच वाईट हो, दोष कसला त्यात? दापोलीला जाताना स्कूटरवर बोललो. तोंडाकडे बघावं लागत नाही, दोघांनाही बरं पडतं.

सुरूचंबन:
रातांबे कुठे मिळाले गं? आमचे पावसाने झडले.

मालवणकरीण:
माझ्या आयशीन माका कायच सांगूक नाय. शाळेत तो धडो 'घराकडे वाचा' सांगान सोडल्यानी. आगळवाली, रडू इला गो वाचून.

जुनंखोड:
र. धों. कर्वे मूळ मुरुडचे, दापोलीजवळच्या, जंजिऱ्याच्या नव्हे. १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे लैंगिक शिक्षणाचं मासिक चालवलं, खटले सोसले. आणि त्यांच्याच तालुक्यात आपण अजून कुजबुजतो, याचं फार वाईट वाटतं.

दोनलेकरांचीआई:
लेकीकडे एका मुलाने 'तसला' फोटो मागितला. ती होऊन सांगायला आली, म्हणून फोन काढून घेतला नाही. नाही म्हटल्यावर रुसतो तो रुसू दे, म्हटलं. मुलालाही बसवून सांगितलं, १८ च्या आतल्या कुणाचा असा फोटो मागणं, ठेवणं गुन्हा आहे. कुणी धमकावलं तर १०९८ हा मुलांच्या हेल्पलाइनचा नंबर लावायचा. फ्रिजवर लिहून ठेवलाय.

सिस्टरताई:
ड्यूटीवर आहे, घाईत लिहिते. सरकारी रुग्णालयात 'मैत्री' क्लिनिक असतं, १० ते १९ वयाच्यांसाठी. मुलं डोकेदुखीची गोळी मागतात आणि दारातच घुटमळतात. तेव्हा "बस रे जरा" एवढंच म्हणायचं.

सुरूचंबन:
माझा १५ चा आहे, त्याला पाठवू का? एकटा आला तर चालेल?

सिस्टरताई:
येऊ दे की. बाहेर थांबा तुम्ही.

आगळवाली:
रातांबे आमच्याच परड्यातले, दोन किलो पाठवते. भाची विचारतेय, मग मुलग्यांना काय होतं? सोलं उलटायची आहेत, तिला घेऊनच जाते खळ्यात.