मदत हवी आहे: युरो देशांची तेजी-मंदी एकत्र चालते, हे मोजायचं कसं?

एम.ए.च्या प्रबंधासाठी जर्मनी, फ्रान्स, स्पेन, आयर्लंडचे १९९९ ते २०२३ चे तिमाही जीडीपीचे आकडे युरोस्टॅटवरून (युरोपीय संघाचं सांख्यिकी कार्यालय) घेतले. होड्रिक-प्रेस्कॉट फिल्टर (दीर्घकालीन कल बाजूला काढून फक्त चढ-उतार ठेवणारी पद्धत; कल किती गुळगुळीत धरायचा तो आकडा, लॅम्डा, १६००) लावून २० तिमाहींचा सरकता सहसंबंध काढला, म्हणजे दर वेळी लागोपाठच्या २० तिमाहींत देशांचे चढ-उतार एकमेकांशी किती जुळतात ते. पण २००८-०९ किंवा २०२० त्यात आलं की सगळे एकाच माळेचे मणी! धक्काच सगळ्यांना एकदम बसला. आपसातल्या व्यापाराचा त्यात हात किती, ते कळत नाही. २०२० वगळूनही पाहिलं, २००८ चा प्रश्न उरतोच.

आयर्लंडचा जीडीपी २०१५ मध्ये बहुराष्ट्रीय कंपन्यांनी मालमत्ता तिकडे हलवल्यामुळे सुमारे २५ टक्क्यांनी फुगला, म्हणून तिथे सुधारित देशांतर्गत मागणी (कंपन्यांचे असे व्यवहार वगळून मोजलेली देशातली मागणी) घेतली आहे.

सॉफ्टवेअर फक्त आर (R, संख्याशास्त्रासाठीचं मोफत सॉफ्टवेअर), विकतचा डेटा परवडत नाही. समान धक्का आणि व्यापारातून पसरलेला परिणाम वेगळे करायला डायनॅमिक फॅक्टर मॉडेल (अनेक देशांच्या आकड्यांमागचा समान घटक वेगळा काढणारी पद्धत) चार देशांवर चालेल, की देश वाढवावेच लागतील?